पातूरचं ऊन, दिवसाची लाईन

२०२४च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. कारण होतं ऊन. पारा ४५च्या वर गेला होता आणि आदेशात सूचना होत्या त्या कामगारांना सावली आणि पिण्याचं पाणी देण्याच्या, शिकवणीचे वर्ग भर दुपारी न भरवण्याच्या. पुण्या-मुंबईकडे ही बातमी वाचून कुणाला गंमत वाटली असेल. वऱ्हाडात कुणाला वाटली नाही. इथे एप्रिल-मेमध्ये बारा ते चार रस्ते तसेही ओस पडतात, आणि त्यासाठी सरकारी कागदाची गरज लागत नाही.

ज्या उन्हाला हा जिल्हा इतका भितो, त्याच उन्हाकडून तो काय काय काम करून घेतो, हे पाहायचं तर अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागावं आणि पातूरला उतरावं. अंतर पस्तीसेक किलोमीटर. मुंबईकडून रेल्वेनं येणाऱ्याला त्याआधीच विजेची जुनी वाट दिसलेली असते. अकोला येण्याच्या थोडं अलीकडे पारस लागतं, तिथलं महानिर्मितीचं औष्णिक केंद्र, २५० मेगावॉटचे दोन संच. त्यांच्यासाठी कोळसा वॅगनींतून येतो. एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो, हा हिशेब डोक्यात ठेवून पुढे निघालेलं बरं.

रस्ता आता चांगला रुंद झालाय. राष्ट्रीय महामार्ग १६१, पुढे मेडशी, मालेगाव, वाशीम करत नांदेडकडे जाणारा. वाटेत कापशीचा तलाव लागतो. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेचं खोरं पसरलंय. तिथला खारपाणपट्टा म्हणजे जमीन काळीभोर आणि विहिरीचं पाणी मात्र तोंडात धरवत नाही असं. दक्षिणेला गेलं की चित्र पालटतं. पातूर आणि बार्शीटाकळी हे डोंगरकडचे तालुके. इथलं पाणी गोडं, विहिरी ओलिताच्या, आणि म्हणूनच इथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात दर चौथ्या वाक्याला मोटर येते. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन पावसावर निघतात. हरभरा, गहू, कांदा आणि लिंबू-संत्र्याच्या बागा मोटरीवर.

पातूर गावाची ओळख सांगताना लोक रेणुकामातेची टेकडी दाखवतात आणि मग लेण्यांचा रस्ता. डोंगराच्या कुशीत कोरलेले हे विहार केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. अजिंठ्याला जाऊन आलेल्याला इथे रंग नाहीत, मूर्तींची गर्दी नाही म्हणून चुकचुकल्यासारखं होईल. पण ही लेणी एप्रिलच्या दुपारी पाहावीत. बाहेर डोळे उघडवत नाहीत आणि आतल्या खांबाला हात लावला तर तो गार. कितीतरी हातांचा दगड वर असला की दिवसाची उष्णता आतपर्यंत पोचायच्या आत रात्र होते. गावातल्या जुन्या धाब्याच्या घरांचं गणितही तेच होतं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. त्यांच्या जागी टिनं आणि स्लॅब आले, आणि मग उन्हाळ्यात कूलरशिवाय इलाज उरला नाही.

तरी उन्हाला कामाला लावण्याची सगळ्यात जुनी रीत अजून गच्चीवर टिकून आहे. होळी झाली की वाळवणाला सुरुवात होते. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे मोठ्या गंजात तो हटून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरड्या पाडायच्या. बाजेवर धुतलेलं धोतर किंवा जुनं लुगडं अंथरलेलं असतं. एक बाई सोऱ्या दाबते, दुसरी वाटीतल्या पाण्यात हात बुडवून चिकाचा गोळा भरते, आणि लहान पोरं कावळे हाकायच्या नावाखाली कच्चा चीक खात बसतात. सगळी घाई ऊन चढायच्या आत.

‘ऊन चढलं की चिकाले पपडी धरते, मंग कुरडीची तार तुटते. लवकर हात चालवा लागते, माय,’ असं एखादी म्हातारी सुनेला सांगते, तेव्हा ती पदार्थविज्ञानच सांगत असते. पाडताना ऊन कोवळं हवं, वाळवताना कडक. वरची बाजू दुपारपर्यंत वाजायला लागते, मग कुरडी उलटायची. दोन-तीन दिवसांत आतलं पाणी इतकं कमी होतं की बुरशीला जगायला जागाच राहत नाही. वर्षभर टिकणारा माल तयार, आणि त्याला इंधन लागलं ते फक्त चीक शिजवायला.

या रीतीचे तोटेही घरोघर ठाऊक आहेत. धूळ बसते, चिमण्या चोचा मारतात, अवकाळीचा एक शिंतोडा आला की सगळं ओढत घरात न्यावं लागतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे, आणि सौर वाळवणी यंत्र हा तिथला जुना विषय. रचना सोपी असते. लोखंडी कमानींवर पारदर्शक प्लास्टिक ताणून केलेला बोगदा, आत जाळीच्या ट्रे, वर ओलसर हवा निघून जायला धुराडं. ऊन आत येतं, जमिनीवर आणि मालावर आदळून उष्णता होतं, आणि ती उष्णता प्लास्टिकमधून तितक्या सहजी बाहेर पडत नाही. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-वीस अंशांनी वर राहतं आणि माल झाकलेला असतो. मिरची, हळद, आवळा, मेथी, सगळ्याला चालतं.

यातून धंदा उभा राहू शकतो हे छत्रपती संभाजीनगरकडे दिसलं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या मुलांनी काढलेली ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी गावातल्या बायकांना सौर ड्रायर देते. त्या कांदा, टोमॅटो, आलं वाळवून कंपनीला देतात. २०२३ साली या कामाला ब्रिटनमधला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. कुरड्या पाडणाऱ्या पातूरच्या बाईला यात नवीन काय ते विचारलं तर ती म्हणेल, झाकण. आणि ते खोटं नाही.

उष्णता घेणं सोपं असतं. काळा रंग द्या, काच किंवा प्लास्टिक लावा, पाणी खेळवा. पातुरातल्या दोन-चार मजली घरांवर सोलर हीटर दिसतात, बहुतेक काचेच्या नळ्यांचे. एका नळीत दुसरी नळी, मधली हवा काढून टाकलेली, आतल्या नळीला गडद लेप. निर्वात पोकळीतून उष्णता सहजी बाहेर पळू शकत नाही, म्हणून डिसेंबरच्या कडाक्यातही पाणी तापतं. वऱ्हाडात थंडी पडते, आणि डोंगरकडेला जास्तच. मे महिन्यात मात्र हे हीटर बेकार. तेव्हा गच्चीवरच्या साध्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेतलं तर चटका बसतो, आणि लोक सकाळीच बादल्या भरून सावलीत ठेवतात.

आरसे लावून ऊन एका जागी गोळा केलं तर त्याच उष्णतेची वाफ होते. शिर्डीच्या साई संस्थानानं २००९ साली प्रसादालयावर ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या. वोल्फगांग शेफलर या संशोधकाच्या नावानं ओळखली जाणारी ही रचना सूर्याबरोबर फिरते, आरशांचा झोत एका ठिकाणी धरते आणि तिथल्या पाण्याची वाफ होऊन खाली स्वयंपाकघरात जाते. हजारो माणसांचं भात-वरण त्या वाफेवर शिजतं, गॅस तेवढा वाचतो.

वीज हे मात्र वेगळं प्रकरण. आणि पातूरसारख्या गावात बाहेरून आलेला पाहुणा हमखास एक वाक्य बोलतो: ‘एवढं ऊन पडतं तुमच्याकडे, सोलरला तर मजाच!’ सोलर बसवणारा गावातला इलेक्ट्रिशियन यावर हसतो. त्याला माहीत असतं की प्लेटांना ऊन हवं असतं, गरमी नको असते.

सौर पॅनेलमध्ये काहीही उकळत नाही की फिरत नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि चकतीतल्या दोन थरांच्या सांध्यामुळे एकाच दिशेनं वाहू लागतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं एप्रिल १९५४मध्ये अशी पहिली कामाची चकती लोकांसमोर आणली, तेव्हा अंगावर पडलेल्या प्रकाशातला सहाएक टक्के भाग तिला विजेत बदलता येत होता. आज बाजारातल्या साध्या पॅनेलला वीस टक्क्यांच्या वर जमतं. पण त्याच्या मागे छापलेले वॅट मोजलेले असतात ते चकतीचं तापमान २५ अंश धरून. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मेच्या दुपारी हवा ४५ अंशांची असताना गच्चीवरची प्लेट ६५-७० अंशांपर्यंत तापते. म्हणजे ऐन उन्हात दर सहा-सात युनिटांतलं एक युनिट नुसत्या तापण्यात गेलं. लेह-लडाखला कमाल ऊन आणि कडाक्याची थंडी असते, प्लेटांना तसं हवामान मानवतं. वऱ्हाडात त्यांचे सुगीचे दिवस फेब्रुवारी-मार्चचे: आभाळ निरभ्र, हवा अजून सुसह्य.

आणखी एक बारकावा. पातूर साडेवीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या २२-२३ तारखेला सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. प्लेटा मात्र दक्षिणेकडे तोंड करून वीसएक अंश कललेल्या असतात, कारण त्यांना वर्षभराची सरासरी सांभाळायची असते, आणि हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला खाली असतो. ज्या दिवशी गावाला ऊन सगळ्यात उभं बसतं, त्या दिवशी प्लेटांना ते तिरपं मिळतं.

तरीही गच्च्यांवर प्लेटा वाढतायत. फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्यावर ७८ हजार रुपये अनुदान. १ किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं असं धरलं, तर ३ किलोवॉटवाल्या घराला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट मिळतात. दिवसाची उरलेली वीज मीटरमधून बाहेर जाते, रात्रीची आत येते, आणि बिल फरकाचं. वऱ्हाडातल्या घराला याचा एक खास फायदा असा की विजेचा सगळ्यात मोठा खाऊ, म्हणजे कूलर, भर उन्हातच चालतो. रात्रीही चालतो हे खरं. पण दुपारचा तरी आपल्या घरच्या विजेवर.

घरं झाली. पातूरच्या उन्हाची खरी गोष्ट वावरात आहे.

ती समजायला आधी रात्रीची पाळी समजायला हवी. शेतीच्या वाहिनीला थ्री फेज वीज चोवीस तास कधीच नसते. आठवड्याचे काही दिवस ती दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गहू-हरभऱ्याचं ओलीत रात्रीच करावं लागतं. डिसेंबरची थंडी, हातात बॅटरी, पाय चिखलात. लाईन मधेच गेली तर पुन्हा येईपर्यंत वावरातच थांबायचं. पातूरचा डोंगर जंगलाचा. रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात, बिबट्या अधूनमधून दिसतो, साप तर ओलिताच्या पाटाजवळ असतोच. डीपी जळली तर आठ-आठ दिवस मोटर बंद.

एप्रिल २०२४पासून राज्यानं साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ केलं. मग दहा टक्के रक्कम भरून सोलर पंप घ्यायला लोक रांगा का लावतात? फुकट मिळतंय ते सोडून विकत कोण घेतं? या प्रश्नाचं उत्तर चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्यानं एका दमात दिलं: ‘रातची लाईन फुकट हाय ना भाऊ, पन अंधारात पाय कोन्या सापावर पडन हे कोनाले ठाव?’

म्हणजे इथे सोलरनं स्वस्त वीज आणली असं म्हणणं अर्धवट ठरतं. त्यानं दिवस आणला. सौर पंपाची सगळी उलाढाल या एका सोयीभोवती फिरते, आणि शहरातल्या लेखांतून नेमकी तीच सुटते. तिथे कार्बन आणि मेगावॉट यांच्या पलीकडे फारसं कुणी जात नाही.

सरकारी योजनांची नावं शेतकऱ्याला पाठ झालीत. २०१९ची केंद्राची कुसुम, त्याच सुमाराची मुख्यमंत्री सौर कृषी पंप, आणि आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. हिस्सा दहा टक्के. अनुसूचित जाती-जमातींना पाच. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पंपासोबत पाच वर्षांची देखभाल आणि विमा. अर्जांचा ओघ इतका की २०२५च्या अखेरीस महावितरणनं एका महिन्यात ४५,९११ पंप बसवून गिनेस बुकात नोंद केली.

वावरात पाहिलं तर एवढंच दिसतं: धुऱ्याजवळ सिमेंटच्या पायावर उभा लोखंडी सांगाडा, त्यावर निळ्या-काळ्या प्लेटा, खांबाला कंट्रोलरची पेटी, आणि तिथून विहिरीत गेलेली केबल. तीन एचपीला साधारण तीन किलोवॉटच्या प्लेटा. बॅटरी नाही. ऊन आलं की पंप चालू, गेलं की बंद.

सकाळी आठला तुषारचा संच लावून उभं राहावं. पंप सुरू होतो, पण नोझल फिरत नाही. नुसतं थुंकतं, पाणी बुडाशीच पडतं. साडेनऊच्या सुमाराला ते अडखळत फिरू लागतं. दहाला पूर्ण दाब येतो आणि बारीक तुषारांचं वर्तुळ हरभऱ्यावर पसरतं. एवढ्यात एखादा ढग सूर्यावरून सरकला की वर्तुळ आक्रसतं, नोझल मंदावतं. ढग गेला की पुन्हा तेज होतं. आकाशात काय चाललंय ते मान वर न करता वावरात कळतं. कारण असं की पंपाचा वेग थोडा जरी उतरला तरी त्याचा दाब त्याहून जास्त प्रमाणात उतरतो. म्हणून जाणते शेतकरी सकाळ-संध्याकाळ पाटानं किंवा ठिबकनं पाणी देतात आणि तुषार दहा ते तीनसाठी ठेवतात. काहींनी शेततळं केलंय. दिवसभर विहिरीतून तळ्यात पाणी टाकायचं आणि मग हवं तेव्हा सोडायचं. बॅटरीचं काम पाणीच करतं, आणि ते पाच वर्षांनी बदलावं लागत नाही.

काही सांगाडे हातानं फिरवता येतात. सकाळी पूर्वेकडे, दुपारी आडवे, तीननंतर पश्चिमेकडे. थोडा कंटाळा सोडला तर पाणी बरंच जास्त मिळतं. हे करणाऱ्याला ठाऊक नसतं, पण अगदी हेच काम मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी एक माणूस करत असे. विल्यम अॅडम्स हे मुंबई उच्च न्यायालयातले इंग्रज अधिकारी. मुंबईत लाकूड महाग आणि ऊन फुकट, हे त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी अर्धवर्तुळाकार चौकटीत सपाट आरसे बसवून त्यांचा झोत बॉयलरवर धरला. सूर्य सरकेल तशी ती चौकट रुळावरून माणूस सरकवत असे. त्या वाफेवर त्यांनी अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. १८७८मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं, विषय: उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता. पातूरच्या वावरातला लहानातला लहान सरकारी पंप तीन एचपीचा. अॅडम्सच्या पंपाहून अर्धा एचपी जास्त.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१३मध्ये, अमेरिकन संशोधक फ्रँक शूमननं इजिप्तमध्ये कैरोजवळ मादी इथे पन्हाळीच्या आकाराचे लांबलचक आरसे उभे केले आणि नाईलचं पाणी शेतांत चढवलं, मिनिटाला वीस हजार लिटरच्या वर. पीक कोणतं? कापूस. वऱ्हाडातल्या माणसाला हे ऐकून आपलाच कुणी चुलतभाऊ भेटल्यासारखं वाटावं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, शूमनची माणसं पांगली, आणि नंतरच्या काळात स्वस्त तेलापुढे आरशांना कुणी विचारलं नाही. उन्हावर पंप चालतो हे जगाला शंभर वर्षांपासून माहीत होतं. परवडत नव्हतं, एवढंच.

प्रत्येक वावरात प्लेटा लावण्याऐवजी गावासाठी एकच मोठं शेत लावायचं, हा दुसरा मार्ग. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठी २०१७मध्ये आली. सुरुवातीच्या दोन प्रयोगांतला एक राळेगणसिद्धीला होता आणि दुसरा आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यायची. विहिरीवरची जुनी मोटर, जुना स्टार्टर, काही बदलायचं नाही. २०२३च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. बरड, उतरणीची, पाण्याविना पडलेली जमीन असलेल्याला हा आकडा ऐकून झोप लागत नाही.

पातूरहून घाट चढून मेडशीमार्गे वाशीमला गेलं की या योजनेतला एक दिवस तिथल्या लोकांना आठवतो. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधान वाशीम जिल्ह्यात आले होते, आणि तिथून राज्यातल्या पाच सौर प्रकल्पांचं लोकार्पण झालं. पाचही मिळून १९ मेगावॉट. त्यांतले दोन याच पट्ट्यातले: अकोला जिल्ह्यातल्या जलालाबादचा ३ मेगावॉटचा आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या पळशी बुद्रुकचा ५ मेगावॉटचा. पारसच्या ५०० मेगावॉटपुढे हे आकडे किरकोळ दिसतील. पण पारसच्या विजेला लांब तारांवरून जावं लागतं आणि जलालाबादची वीज तिथल्याच मोटरींना मिळते.

जाताना घाटाच्या पायथ्याला जंगलालगतची शेतं नीट पाहावीत. धुऱ्यावर बारीक तारांचं कुंपण आणि खांबाला वहीएवढी प्लेट. हे झटका मशीन. दिवसा छोटी बॅटरी भरते आणि रात्री तारेतून दर सेकंदाला एक झटका जातो, दाब जबर पण क्षणभराचा, त्यामुळे डुक्कर दचकून पळतं, मरत नाही. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. थेट तारेत वीज सोडून जनावरं आणि माणसंही मारणाऱ्या जुन्या सवयीपेक्षा हा उपाय शंभर पटींनी बरा, आणि सगळ्या सौर यंत्रांत शेतकऱ्यांची कमीत कमी तक्रार याच्याबद्दल असते.

पंपाबद्दल तक्रारी आहेत. वादळात सांगाडा वाकतो. वानरं प्लेटांवर उड्या मारतात. केबल चोरीला जाते. बिघाड कळवल्यावर माणूस यायला पंधरा-पंधरा दिवस लागले, असं सांगणारे भेटतात. पाणी खोल गेलं की उपसा घटतो, आणि उन्हाळ्यात बागेला पाणी सगळ्यात जास्त हवं असतं तेव्हाच ते खोल जातं. प्लेटांवर कपाशीच्या हंगामात धुळीचा थर बसतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसल्या तर फरक दिसतो, पण बोअरवेलच्या पाण्यानं धुतल्या आणि तसंच सुकू दिलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. सौर पंप घेतला की नेहमीचं वीज कनेक्शन मागता येणार का, ही धाकधूकही असते.

आणि एक हळहळ, जिचा विचार योजना आखणाऱ्यांनी उशिरा केला. पंप वर्षातले काही महिनेच चालतो. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यानंतरही दोन ओलितांमध्ये आठवडे जातात. तेवढे सगळे दिवस तीन-पाच किलोवॉटच्या प्लेटा ऊन खात उभ्या. ‘बरसातीत रिकाम्याच पडून रायतात. मी म्हनलं, चक्की तरी जोडून द्या,’ असं एकजण म्हणत होता. तंत्र अवघड नाही. त्यासाठी वेगळा कंट्रोलर येतो, ज्याला खटका फिरवून कडबाकुट्टी, पिठाची गिरणी किंवा मिनी दालमिल जोडता येते, आणि केंद्राच्या कुसुम योजनेत त्याची तरतूदही आहे. त्याची किंमत साध्या पेटीपेक्षा जास्त पडते. साधी पेटी पंपाशिवाय दुसरं काही ओळखत नाही, आणि वावरांतून सर्वत्र दिसते ती बहुतेक साधीच. चक्की मागणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या घरी सहा क्विंटल तूर डाळ करायची पडली होती. ती त्यानं त्या आठवड्यात गाडीभाडं देऊन अकोल्याला पाठवली.